ज्याचं पाणी त्याला

आमच्या बाईंना कुणी वेडं म्हटलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. वेड्या त्या आहेतच. पण तसं म्हणायचा हक्क मला आहे. मी त्यांच्या हाताखाली शिकले, पुढे त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि लग्न होईपर्यंत त्यांच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. ज्यांनी त्यांची बोलणी एकदाही खाल्लेली नाहीत, त्यांनी रिसोडच्या बसस्टँडवर चहा पीत "ते समुद्रवाली मॅडम" म्हणून दात काढायचं काही कारण नाही.

मॅडम हा शब्दच त्यांना खपत नसे. "मॅडम कायले म्हणता? मी काय साहेबाची बायको हाव?" असं भर वर्गात विचारून त्यांनी तो मोडून काढला होता. त्यामुळे कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम आणि त्या एकट्या बाई. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बाकीच्या बायका जिथं गजरा माळतात तिथं अंबाड्यात खोचलेला काचेचा ड्रॉपर. एकदा त्या तशाच एका लग्नाला गेल्या होत्या. ड्रॉपर काढा म्हटल्यावर माझ्यावरच डाफरल्या.

त्यांचा विषय ऐकला की माणूस आधी हसायचा. समुद्रात बाणकृमी नावाचा एक प्राणी असतो, बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा पारदर्शक. त्याच्या शेपटीच्या पोकळीत कधी कधी अमिबा घर करतात आणि त्याच्याच जिवावर जगतात. गंमत इथंच संपत नाही. त्या प्रत्येक अमिबाच्या आत, केंद्रकाला खेटून, आणखी एक जीव राहतो, तोही वेगळ्याच कुळातला. "भाडेकरू आन् त्याचा पोटभाडेकरू," असं बाई माझ्याकडे बघून म्हणत. आता हा सगळा कारभार अरबी समुद्रात, आणि बाई रिसोडात, जिथं मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचं, आणि तेही उन्हाळ्यात दिसत नाही.

पण त्या समुद्रापर्यंत गेल्या कशा, हे ऐकून घ्यायची या हसणाऱ्यांना फुरसत नसते. बाई जैन घरातल्या. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते गेल्यावर दुकान मिटलं, आणि घरात बाई नि त्यांची आई अशा दोघीच उरल्या. बी.एस्सी.ला असताना बाईंनी बेडूक कापायला नकार दिला. मग प्राणिशास्त्र घेतलंच कशाला, असं त्यांच्या सरांनी विचारलं. "पाह्याले घेतलं, कापाले नाही," असं उत्तर देऊन बाई वर्गाबाहेर उभ्या राहिल्या. न कापता ज्याच्या आतलं दिसतं असा प्राणी शोधत शोधत त्या कोकणच्या किनाऱ्यावर पोचल्या आणि तिथं त्यांना हा बाणकृमी भेटला. पीएच.डी. झाल्यावर त्या तिथंच राहिल्या असत्या. परत आल्या त्या आईसाठी. आई रिसोडातली आपली विहीर सोडायला तयार नव्हती.

ही विहीर घराच्या अंगणात होती. बाईंच्या आईला मी आजी म्हणायचे. आजी रोज सकाळी विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळून हंड्यात भरायच्या. हे पुष्कळ घरांत होतं. पण गाळून झाल्यावर त्या कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायच्या आणि ते धुवण एका छोट्या बादलीत घ्यायच्या. त्या धुवणाला जिवाणी म्हणतात, कारण कापडावर अडकलेले सूक्ष्म जीव त्यात असतात. ते ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. वरून फेकले तर आपटून मरतील, म्हणून त्या बादलीच्या बुडाला कडी असते आणि कडीला वेगळी दोरी. बादली पाण्याला टेकली की ती दोरी ओढायची, म्हणजे बादली अलगद कलंडते. आजींना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, तरी बादली टेकली कधी हे त्यांच्या हाताला कळायचं.

बाई देवळात क्वचितच जात. पण ही रीत त्यांनी सोडली नाही, उलट समुद्राला लावली. दिवाळीच्या सुट्टीत त्या किनाऱ्यावर जायच्या आणि डबे भरून समुद्राचं पाणी आणायच्या. त्यातलं काम झालेलं पाणी त्यांनी कधी मोरीत ओतलं नाही. पलंगाखाली डब्यांत साठवून ठेवायच्या आणि पुढच्या दिवाळीला परत नेऊन समुद्रात सोडायच्या. "ज्याचं पाणी त्याला," एवढंच स्पष्टीकरण. एकदा रिसोडहून वाशीमला जाणाऱ्या एसटीत कंडक्टरनं डबे अडवले.

"काय हाय डब्यात? रॉकेल असन तं खाली उतरा."

"समुद्र हाय."

"कायचा समुद्र?"

बाईंनी डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "इतक्या दुरून आणला आन् आता वापस घेऊन चालल्या?" बाई त्याच्यावर भडकल्या. दुसऱ्याची वस्तू वापरून झाली की परत करायची असते हे तुला कुणी शिकवलं नाही का, असं त्यांनी त्याला वाशीम येईपर्यंत ऐकवलं. त्या बसमध्ये मी होते. लोक हसत होते आणि मला त्या हसणाऱ्यांना खाली उतरवावंसं वाटत होतं.

वर्गात त्यांचं एकच वाक्य असायचं: "दिसलं तेवढंच काढ." पुस्तकातली आकृती बघून जर्नलमध्ये चित्र काढणाऱ्याची धडगत नसे. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा त्यांनी आम्हाला समुद्री अमिबाची स्लाइड दाखवली. मी मन लावून चित्र काढलं आणि त्यात एक छान गोल रिक्तिका, म्हणजे पाण्याची पिशवीही काढली, कारण शाळेच्या पुस्तकातल्या अमिबात ती होती. बाईंनी वही वर धरली.

"हा फुगा कुठून आणला पोट्टे?"

"अमिबात असते नं बाई."

"गोड्या पाण्यातल्या अमिबात असते. त्याच्या अंगात पाणी घुसत राह्यते, म्हणून त्याले उपसाले फुगा लागते. याले कायले पाहिजे? हा खाऱ्या पाण्यात राह्यते. याच्यात तू फुगा पाह्यला का?"

"नाही."

"मंग खोटं काहून काढलं?" आणि त्यांनी ते पान टरकन फाडलं. मी घरी जाऊन रडले. पण त्यानंतर मी न बघितलेलं कधी काढलं नाही, आणि आज माझ्या वर्गात मीही पानं फाडते.

कॉलेजात त्यांचं कुणाशी पटत नव्हतं. प्राचार्य त्यांना सारखे सांगायचे, मॅडम, सोयाबीनवरच्या अळ्यांवर काहीतरी करा, उपयोगाचं होईल, पेपरात फोटो येईल. बाई म्हणायच्या, "सोयाबीनवर अख्खा जिल्हा बसला हाय, त्यात माह्यी काय कमी हाय?" त्या कष्टकऱ्यांचा अपमान करत नव्हत्या, फक्त स्वतःचं काम सोडायला तयार नव्हत्या. आपल्याकडे माणसानं आपलं काम न सोडणं यालाच ताठा म्हणतात.

बाईंचं काम काय होतं ते एकदा नीट सांगते. ते अमिबा बाणकृमीच्या आत जगतात, बाहेर काढले की मरतात. बाईंना त्यांना बाहेर जगवायचं होतं. बाहेर जगले तरच ते कसे वाढतात, त्यांच्या आतला तो पोटभाडेकरू काय करतो, हे नीट बघता येणार होतं. वर्षानुवर्षं त्या आणत आणि वर्षानुवर्षं ते मरत. सगळेच कृमी लागण झालेले नसतात, त्यामुळे एखाद्या वर्षी पूर्ण प्रवास फुकट जायचा. उन्हाळ्यातली उष्णता तर त्यांना सोसतच नसे. म्हणून बाईंनी भांडून भांडून प्रयोगशाळेसाठी एक एसी मिळवला. मिळवला म्हणजे काय, प्राचार्यांच्या दारात जाऊन बसायच्या आणि उठायच्या नाहीत.

आणि मग एका वर्षी ते जगले. दिवाळीत आणलेले, पौषात होते, होळीला होते, संख्येनं वाढत होते. मी सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि आनंदानं ओरडले. "बोंबलते कायले?" बाई माझ्यावर खेकसल्या. "हळू बोल. जगून राह्यले ते." आणि दुसऱ्या मिनिटाला स्वतःच मोठ्यानं हसल्या. त्यांना हसताना तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं.

बाईंनी विद्यापीठाला कळवलं. दोन तज्ज्ञ येऊन प्रत्यक्ष जिवंत अमिबा बघणार असं ठरलं. त्यांनी मान डोलावली असती तर बाईंच्या आयुष्यभराच्या कामावर शिक्का बसला असता आणि बसस्टँडवरचे दात आत गेले असते.

ते येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोन माणसं प्रयोगशाळेत आली आणि भिंतीवरचा एसी उतरवायला लागली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष कॉलेजात येणार होते आणि प्राचार्यांच्या केबिनमधला एसी बिघडला होता. चैत्र संपत आला होता, बाहेर अंग भाजत होतं. बाई तरातरा केबिनमध्ये गेल्या, मागोमाग मी.

"चार दिवसाचा प्रश्न हाय मॅडम," प्राचार्य म्हणाले. "अध्यक्षसाहेबाले गर्मी सहन होत नाही."

"माह्या अमिबालेबी होत नाही."

"तुमचा अमिबा काय घामाघूम होते का?"

स्टाफ हसला. सगळा हसला. त्यातले दोघे तिघे विज्ञान शिकवतात. मला ते हसणं आजही ऐकू येतं आणि आजही मुठी वळतात.

बाईंनी अमिबा ठेवलेल्या बशांमधलं सगळं पाणी एका काचेच्या बरणीत एकत्र केलं, कारण बशा ऑटोत हिंदकळल्या असत्या. बरणी मांडीवर धरून घरी आणली. घरात सर्वांत गार जागा म्हणजे पाण्याचे हंडे ठेवायचा कोनाड्यातला ओलसर ओटा. तिथं बरणी ठेवून त्यांनी तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं. आजी तेव्हा देवळात होत्या. बाई विहिरीचं पाणीसुद्धा वर्गासाठी असं बरण्यांतून नेत, त्यामुळे त्या ओट्यावर एक बरणी जास्त दिसण्यात नवल काहीच नव्हतं.

सकाळी मी खाली उतरले तेव्हा बाई न्हाणीतून बाहेर येत होत्या आणि आजी विहिरीपाशी दोरी गुंडाळत होत्या.

"तुही बरणी बी गाळली वं," आजी म्हणाल्या. "गाळलेलं हंड्यात वतलं. बरणीच्या अंगाले चिकटले असतीन म्हणून गोड्या पाण्यानं घासूघासू धुतली, एक बी राह्यला नसन. सोडले सारे विहिरीत, अलगद."

फुगा नव्हता त्यांना. गोडं पाणी अंगात शिरत राहिलं की ते फुगतात आणि फुटतात. हे मला शिकवणाऱ्या बाई तिथं ओल्या केसांनी उभ्या होत्या. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. शाईचा एक डाग पडला म्हणून मुलींना रडवणारी ही बाई.

"बरं केलं आई," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी हंड्यातला एक थेंब घेतला, बरणीच्या तळाचा एक घेतला, ओट्यावर सूक्ष्मदर्शक लावून बघितला, पुन्हा बघितला, आणि मला बघू दिलं नाही. आत आजींनी चहा टाकला होता. पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पाणी आज खारट काहून लागून राह्यलं?"

"माह्या हातून मीठ सांडलं हंड्यात," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

त्या का गप्प राहिल्या हे मला विचारावं लागलं नाही. आजींची व्रतं फार कडक होती. आदल्या वर्षी दाराच्या फटीत त्यांच्या हातून एका पालीचं शेपूट तुटलं होतं, तर त्यांनी अन्न सोडलं. बाईंनी पाया पडून, समाजातल्या वडीलधाऱ्यांना घरी आणून त्यांना पुन्हा दोन घास खायला लावले, तोवर त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. एका शेपटासाठी. आणि इथं बरणीभर जीव होते.

दुपारी तज्ज्ञ आले. त्यांना केबिनमध्येच बसवलं होतं, आमच्याच एसीखाली.

"मेले," बाई म्हणाल्या. "काल होते."

"कसे मेले?"

"माझी चूक झाली."

मी तोंड उघडलं. "सर, हा एसी..." एवढंच म्हटलं आणि बाईंनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी फुटली. मला कळलं. एसीपासून सुरुवात केली की गोष्ट बरणीपाशी जाणार, बरणीपासून विहिरीपाशी, आणि रिसोडात अशी गोष्ट आमच्याआधी घरी पोचली असती. तज्ज्ञांपैकी एकानं बाईंच्या आकृत्या चाळल्या. किती सुंदर आकृत्या होत्या त्या. त्यानं त्या बाजूला सारल्या आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "मॅडम, दिसलं नाही ते काढू नये माणसानं."

बाईंना! हे बाईंना! प्राचार्य मान हलवत होते. मी त्या दिवशी त्या टेबलावरची काच फोडली असती तर आज मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर बाईंना समुद्रावर जायला मिळालं नाही. आजी थकल्या होत्या, त्यांना एकटं टाकून जाणं शक्य नव्हतं. मी चिडून म्हणायचे, मी थांबते आजींजवळ, तुम्ही जा. बाई म्हणायच्या, तू तुही नोकरी पाय. मला त्यांचाही राग यायचा. अजून येतो. एवढं सगळं गिळून वर माझ्यावर खेकसायला यांना जोर कुठून यायचा?

पुढे आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, चष्मा आला, आणि आजी लहान मुलीसारख्या घरभर बघत फिरल्या. एका रविवारी सकाळी त्यांनी हट्ट धरला.

"जन्मभर पाणी गाळलं, पन त्यातला एक जीव पाह्यला नाही. दाखव मले. तुह्या बरणीतले सोडले होते नं विहिरीत, ते दाखव."

विहिरीच्या दगडावरचं शेवाळ बाईंनी चमच्यानं खरवडलं, ओसरीवर उन्हाच्या तिरिपेत सूक्ष्मदर्शक मांडला, आणि शोधत बसल्या. सापडल्यावर आजींचं डोकं धरून हलकेच नळीवर टेकवलं.

"दिसलं का?"

"थांब व... हो! हलून राह्यला! पाय काढून राह्यला मायबाप्पा!" आजींनी हात जोडले, डोळा तसाच नळीला लावून. "हा तुहाच नं?"

"हो आई. माह्याच."

"बरा हाय नं?"

"मजेत हाय."

आजी उठल्यावर मी वाकून बघितलं. विहिरीतला साधा अमिबा होता. त्याच्या अंगात तो गोल फुगा हळूहळू भरत होता, रिकामा होत होता, पुन्हा भरत होता. मी मान वर केली. बाई माझ्याकडेच बघत होत्या, आणि ज्या नजरेनं त्यांनी माझं पान फाडलं होतं तीच ती नजर होती. तेव्हापासून आजी रोज सकाळी विहिरीत डोकावून विचारायच्या, "बरे हायेत नं व तुहे?" आणि बाई रोज सांगायच्या, बरे आहेत.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी समुद्राचा विनोद केला. त्यानंतरच्या वैशाखात आजी गेल्या, झोपेत, शांतपणे.

भेटायला येणाऱ्यांची ओसरीवर रीघ होती. प्राचार्य आले. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला घाम. आजींच्या फोटोपुढे हात जोडून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केवढी पुण्यवान माउली! जन्मात त्याइच्या हातून मुंगी मेली नसन."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी बाईंकडे बघितलं. आता कुणापासून लपवायचं उरलं होतं? पण बाईंनी माझं मनगट धरलं नाही. त्या स्वतःच बोलल्या, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात.

"नाही मेली. माह्या आईच्या हातून एकही जीव मेला नाही." आणि मग प्राचार्यांकडे बोट करून, "तुमच्या हातून मेले. तुमच्या हातून माह्ये सारे मेले."

प्राचार्य गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. "माह्या हातून? मी तं अंडंबी खात नाही मॅडम."

"मले दिसलं तेवढंच मी सांगतलं."

दुःखानं असं होतं माणसाचं, कुणीतरी कुजबुजलं. प्राचार्यांना दरदरून घाम फुटला होता. शेजारच्यानं उठून टेबलफॅनचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. बाई उठल्या, माणसांमधून वाट काढत भिंतीपाशी गेल्या, फॅनचं बटण बंद केलं आणि परत आपल्या जागी येऊन बसल्या.